बंदर अडवणारा मासा

आमच्या घरात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या या गावाला ‘मार्सेलिस’ म्हणत. आजोबा रत्नागिरीचे. सुट्टीत आम्ही नातवंडं जमलो की संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर घेऊन जात, शेंगदाण्याची पुडी एकेकाच्या हातावर ठेवत आणि समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून मार्सेलिसच्या बंदरातल्या सावरकरांच्या उडीची गोष्ट सांगत. त्या गोष्टीतला समुद्र दर सुट्टीत वाढत गेला. लाटा माडाएवढ्या झाल्या, बोटीवरून गोळ्या सुटायला लागल्या, पोहण्याचं अंतर कोसांवर गेलं. आजोबा शाळेत भूगोल शिकवत; डोळे मिटून फळ्यावर युरोप काढायचे. मार्सेलिसच्या बंदराचा नकाशा मात्र त्यांनी आम्हाला कधी काढून दाखवला नाही.

गेल्या मे महिन्यात पॅरिसहून वेगवान गाडीनं तीन-सव्वातीन तासांत मी तिथं उतरले, तेव्हा ध्वनिक्षेपकावर गावाचं नाव ‘मार्सेय’ असं येत होतं. चार दिवस राहिले. गाव आवडलं का, या प्रश्नाला परत आल्यापासून मी तीन जणांना तीन उत्तरं दिली आहेत.

सँ-शार्ल स्थानकाबाहेर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे. वरून सगळं गाव दिसतं: कौलांची उतरंड आणि पलीकडच्या टेकडीवरच्या चर्चच्या माथ्यावर उन्हात चमकणारी सोनेरी मेरी. जिना १९२७ मध्ये खुला झाला. त्याच्या बाजूंना दगडी बाया पहुडल्या आहेत; एका शिल्पाचं नाव ‘आशियातल्या वसाहती’, दुसऱ्याचं ‘आफ्रिकेतल्या वसाहती’. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि हे बंदर पूर्वेकडून येणाऱ्यांसाठी युरोपचा उंबरठा बनलं. मुंबईहून निघालेले कितीतरी जण इथं उतरून रेल्वेनं पुढे लंडनला जात. बिस्केच्या उपसागरातली उलथापालथ त्यामुळे टळे. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये ‘राजपुताना’ बोटीनं इथंच उतरले. आता त्या दगडी बायांच्या आसपास पोरं फोनवरची गाणी मोठ्यानं लावून बसतात, कोपऱ्यात लघवीचा वास येतो आणि बॅग उचलून उतरताना पायऱ्या संपता संपत नाहीत.

*

जुनं बंदर, व्यू-पोर, म्हणजे गावात आत शिरलेली पाण्याची आयताकृती खाच. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकाइया या आशिया मायनरमधल्या ग्रीक नगरातून आलेल्या दर्यावर्दींनी इथं वसाहत केली, मासालिया. दंतकथा अशी, की ज्या दिवशी त्यांचं जहाज लागलं त्याच दिवशी इथल्या टोळीच्या राजाच्या मुलीचं, गिप्तिसचं, स्वयंवर होतं. तिनं जमलेल्या वरांना ओलांडून पेला दिला तो परक्या प्रोतिसच्या हातात. बाहेरून आलेल्या माणसाला जावई करून घेणं हीच आपल्या गावाची सुरुवात, असं मार्सेयवाले सांगतात. पुढे बाहेरून आलेल्यांचं इथं काय काय झालं ते सांगताना त्यांचा आवाज थोडा उतरतो.

बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला नेणारी एक छोटी होडी आहे. नगरसभेच्या इमारतीसमोर बसायचं, समोर उतरायचं. प्रवास २८३ मीटरचा. या होडीत शेजारी बसलेल्या निवृत्त गृहस्थांना मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, “मादाम, आमच्या सार्दिनची गोष्ट ऐकलीत?”

सार्दिन म्हणजे तारलीसारखा बोटभर मासा. एका सार्दिननं मार्सेयचं बंदर अडवलं, ही फ्रान्सभर प्रसिद्ध थाप आहे. मार्सेयवाला काही बोलला की पॅरिसवाले हसून म्हणतात, आली तुमची सार्दिन. खरी हकिगत वेगळी. ‘सार्तिन’ नावाचं जहाज होतं. आरमारमंत्र्याच्या नावावरून ठेवलेलं. १७७८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली, तेव्हा पकडलेल्या फ्रेंचांना मायदेशी पोचवण्याचं काम त्याच्याकडे आलं. वाटेत इंग्रजांच्याच युद्धनौकेनं त्याच्यावर चुकून तोफा डागल्या. कसंबसं ते मार्सेयपर्यंत आलं आणि मे १७८० मध्ये बंदराच्या अरुंद तोंडाशीच बुडालं. बंदर खरोखर अडलं. मग लोकांच्या जिभेवर ‘त’चा ‘द’ झाला आणि जहाजाचा मासा.

गृहस्थ उतरताना म्हणाले, “आम्ही खोटं बोलत नाही. आम्ही फक्त मोठं बोलतो.” उरलेले सगळे दिवस हे गाव मी याच वाक्याच्या मापानं मोजत राहिले.

*

सकाळी बंदराच्या डोक्याशी मासळी विकायला येते. नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ साली तिथं आरशासारख्या पोलादाचं सपाट छत उभारलं आहे. वर पाहिलं की आपणच डोकं खाली करून चालताना दिसतो. त्याच्या आसपास निळ्या परातींत रास्कास नावाचा काटेरी लाल मासा, वाम, माखूल. विकणारी बाई माझ्या निव्वळ बघण्याला कंटाळली आणि मनगटानं ‘चला पुढे’ अशी खूण केली. ससून डॉकवर हीच खूण मी लहानपणापासून ओळखते. मात्र ससून डॉकचा गजर इथं नाही. फळ्या मोजक्या आणि घेणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारे जास्त.

बुयाबेस हे इथलं विख्यात कालवण. मूळचं कोळ्यांचं: बाजारात न खपलेली काटेरी मासळी समुद्राच्या पाण्यात उकळून घरी खायची. आता चांगल्या ठिकाणी माणशी सत्तर-ऐंशी युरो मोजावे लागतात. गावातल्या काही हॉटेलवाल्यांनी १९८० मध्ये एक सनदच केली, कोणते मासे हवेत आणि रस्सा व मासळी वेगवेगळी कशी वाढायची याची. मी मात्र धक्क्यावरच्या एका स्वस्त हॉटेलात बसले. नाव लिहीत नाही, कारण चूक माझ्या काटकसरीची होती. केशराचा नुसता रंग असलेलं पाणी आलं आणि त्यात बर्फातला एक तुकडा. रत्नागिरीत असं कालवण वाढलं असतं तर पंगत उठली असती.

भूक भागली ती पानिसवर. डाळीचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं, थापून गार करायचं, कापायचं आणि तळायचं. कागदाच्या शंकूत मीठ-मिरपूड भुरभुरून देतात. पहिला घास घेतला आणि आईची पाटवडी आठवली. फक्त ओलं खोबरं आणि कोथिंबीर तेवढी राहिली होती. या पदार्थाबद्दल गावात कोणी फुशारकी मारत नाही, सनदही नाही.

साबणाचीही गोष्ट कालवणासारखीच. १६८८ च्या राजाज्ञेनं मार्सेयच्या साबणात ऑलिव्हखेरीज दुसरं तेल घालायला बंदी केली होती. आज हिरवट-तपकिरी चौकोनी वडीवर ‘७२ टक्के’ असा छाप असतो, तो तेलाच्या प्रमाणाचा. पण मार्सेयचा साबण हे करण्याच्या रीतीचं नाव मानलं गेल्यामुळे तो कुठेही बनू शकतो, आणि बनतो. गावात जुन्या पद्धतीनं कढया चढवणारे कारखाने मोजकेच उरलेत. पर्यटकांच्या गल्लीत मात्र गुलाबी, जांभळ्या, लॅव्हेंडरच्या वासाच्या वड्यांचे डोंगर. राष्ट्रगीताचंही असंच. ‘मार्सेयेज’ लिहिलं गेलं एप्रिल १७९२ मध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला स्ट्रासबुर्गमध्ये, ऱ्हाईनवरच्या सैन्यासाठी. मार्सेयचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला चालत गेले आणि नाव गावाला चिकटलं.

*

शातो दिफचा किल्ला समोरच्या खडकाळ बेटावर आहे. होडीनं वीस मिनिटं लागतात. जोराचा वारा असेल तर होड्या बंद. पहिल्या दिवशी मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, उभं राहवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले.

या बेटाशी आपला संबंध किल्ल्याहून जुना आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याच्याकडून पोर्तुगिजांना एक गेंडा भेट मिळाला. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कनं तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजात चढवला. लिस्बनला तो मे महिन्यात पोचला. त्याच्या वर्णनावरून, स्वतः न पाहता, जर्मन चित्रकार ड्यूररनं आपलं जगप्रसिद्ध चित्र कोरलं. पोर्तुगालच्या राजा मानुएलनं गेंडा पुढे पोपला पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला जहाज मार्सेयपाशी थांबलं आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा तो पाहायला बेटावर आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, साखळदंडातला गेंडाही. किल्ल्याचं काम त्यानंतर १५२४ मध्ये सुरू झालं.

किल्ला पुढे तुरुंग झाला. प्रॉटेस्टंट पंथीय आणि बंडखोर इथल्या कोंदट कोठड्यांत खितपत मेले. पण लोक त्यांच्यासाठी येत नाहीत. येतात ते एदमों दांतेसची कोठडी पाहायला. ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चा हा नायक कफनात शिरून समुद्रात फेकला जातो, पोहत सुटतो आणि जगावर सूड घेतो. हा माणूस कधी जन्मालाच आला नाही. तरीही त्याची कोठडी आहे, दारावर नाव आहे, शेजारच्या कोठडीत जाणारं भिंतीतलं भोकही आहे. बाहेर एका लहान मुलानं वडिलांना काहीतरी विचारलं. फ्रेंच मला बेताचंच येतं, पण प्रश्न कळला: तो खरंच पोहून गेला का? वडील म्हणाले, “हो.”

मला आजोबा आठवले.

*

दुपारी ला जोलिएतला गेले. खोल बुडीच्या आगबोटींना जुनं बंदर पुरेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तरेला लांबलचक बांध घालून ही नवी गोदी बांधली. आज तिथून अल्जीरिया आणि कॉर्सिकाच्या फेऱ्या सुटतात. मागे झाहा हदीद यांनी बांधलेला एका जहाज कंपनीचा काचेचा मनोरा आहे. धक्क्यांना कुंपण आहे. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मी जाळीला नाक लावून उभी राहिले.

‘मोरिया’ बोट ७ जुलै १९१० रोजी मार्सेयला लागली. मार्चमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर पकडलेले सत्तावीस वर्षांचे सावरकर खटल्यासाठी मुंबईला नेले जात होते. ८ जुलैला सकाळी ते शौचकूपाच्या गोल खिडकीतून पाण्यात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि धावत सुटले. फ्रेंच बंदर पोलिसांच्या एका शिपायानं त्यांना पकडलं. बोटीवरून उतरलेल्या तिघांनी त्याला हात दिला आणि कैदी परत बोटीवर गेला. सगळा प्रकार काही मिनिटांचा. क्रांतिकारक मादाम कामा आणि साथीदार न्यायला येणार होते. ते पोचेपर्यंत उशीर झाला होता.

गोदीतलं पाणी माझ्यासमोर होतं. बांधाच्या आत लाट नाही. बोट आणि धक्का यांच्यात आजोबांच्या गोष्टीतला समुद्र मावणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. जाळीपाशी उभ्या उभ्या मग उरलेली हकिगत आठवायला लागले, जी आजोबांनी कधी सांगितली नव्हती.

फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्याला इंग्रजांच्या हवाली कसं केलं, असा गदारोळ फ्रेंच समाजवाद्यांनी उठवला. मार्क्सचा नातू जाँ लाँगे त्यात पुढे होता. दोन साम्राज्यांना हेगच्या लवादासमोर जावं लागलं. पाच सदस्यांच्या लवादानं २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल दिला: परत देण्यात अनियमितता झाली खरी, पण म्हणून इंग्लंडनं कैदी फ्रान्सला परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही. मुंबईतल्या न्यायालयाला तर तेवढाही धीर नव्हता. हेगचा निकाल यायच्या आधीच, डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये, त्यानं सावरकरांना दोन जन्मठेपा ठोठावल्या होत्या, एकूण पन्नास वर्षांच्या. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही ‘सावरकर खटला’ म्हणूनच येतो.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल मराठी घरांत ताटं वाजतात. आमच्याही घरात वाजली आहेत. पण त्या सकाळपुरतं सांगायचं तर अंतर लहान होतं म्हणून काही कमी होत नाही. एक माणूस काही मिनिटं मोकळा झाला आणि त्या मिनिटांचा जाब दोन साम्राज्यांना द्यावा लागला. यासाठी माडाएवढ्या लाटांची गरज नव्हती. आजोबांनी जहाजाचा मासा केला होता. खरं जहाज माशाहून कितीतरी मोठं होतं.

*

मोठं बोलणारं हे गाव काही बाबतींत मात्र फार हळू बोलतं.

मे १७२० मध्ये ‘ग्राँ-सँ-आंत्वान’ हे जहाज लेव्हंटहून कापूस आणि रेशमाचे गठ्ठे घेऊन आलं. वाटेत जहाजावर माणसं मेली होती. नियम होता, माल दूरच्या बेटावर ठेवायचा. पण मालात गावच्या कारभाऱ्यांचाच पैसा गुंतला होता आणि बोकेरची जुलैची जत्रा तोंडावर होती. गठ्ठे गावालगतच्या विलगीकरण कोठीत आले आणि त्यांतून प्लेग. सुमारे नव्वद हजारांच्या गावातली चाळीस ते पन्नास हजार माणसं गेली. समुद्राकाठच्या ला तूरेतच्या माळावर प्रेतांचे ढीग कुजत पडले होते. ते उचलायला जहाजावर वल्हवणारे सक्तमजुरीचे कैदी लावले. त्यांतले फारच थोडे वाचले. मराठी माणसाला प्लेग म्हटलं की १८९७ चं पुणं आठवतं. सावरकरांचे वडीलही १८९९ मध्ये प्लेगनंच गेले. त्या माळावर आता लोक सूर्यास्त बघत बिअर पितात. मीही बघितला, फार सुंदर होता.

तिथून खाली बंदराकडे पाहिलं तर टेकडीवर ल पानिए या जुन्या वस्तीच्या वाकड्या गल्ल्या आणि पायथ्याशी सरळ रेषेतल्या, एकसारख्या इमारती दिसतात. आधी वाटलं, नगररचना चांगली आहे. मग कळलं: जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्य आणि फ्रेंच पोलीस यांनी मिळून पायथ्याचा हा भाग रिकामा केला. वीस हजारांवर माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना पोलंडमधल्या सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवलं आणि फेब्रुवारीत सुमारे पंधराशे इमारती सुरुंगानं उडवल्या. नगरसभेची जुनी इमारत मात्र ठेवली. तिच्याच समोरून ती २८३ मीटरची होडी सुटते.

तिसरी जखम ताजी आहे. नोआयचा बाजार स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटांवर. खजूर, हरिसाच्या लाल राशी, तव्यावरची चौकोनी मसेमन रोटी, कोमोरो बेटांवरच्या बायकांची रंगीत लुगडी, अरबी आणि फ्रेंचची सरमिसळ. मला या गावात सगळ्यात आपलं वाटलं ते इथं. भेंडीबाजारातून मोहम्मद अली रोडला लागावं तसं. त्या गर्दीतून र्यू दोबान्य ही उताराची गल्ली जाते. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी तिथल्या ६३ आणि ६५ क्रमांकाच्या इमारती कोसळल्या. आठ जण मेले. त्यानंतर धोकादायक ठरलेल्या घरांतून हजारो लोकांना बाहेर काढावं लागलं. पावसाळ्यात अशी बातमी वाचायची आम्हा मुंबईकरांना सवय आहे. फ्रान्समधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराच्या मध्यावर ती वाचायची नव्हती. समुद्रावर २०१३ साली उभारलेलं भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय, त्याची काळ्या काँक्रीटची जाळी, शेजारच्या गडापर्यंत अधांतरी गेलेला पूल, हे सगळं पाहून मी थक्क झाले होते. या गल्लीतल्या भिंतींना दिलेले टेकू पाहिल्यावर ते कौतुक पूर्ण उरलं नाही.

*

शेवटच्या दिवशी दोन ठिकाणी गेले. सकाळी टेकडीवरच्या ‘बोन मेर’कडे, म्हणजे चांगल्या आईकडे, गाव त्या मेरीला याच नावानं हाक मारतं. आत छताला लहान लहान गलबतं टांगलेली आहेत. वादळातून वाचलेल्यांनी फेडलेले नवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ मधल्या लढाईच्या गोळ्यांचे व्रण आहेत.

दुपारी बसनं मझार्गच्या युद्ध स्मशानभूमीत. २६ सप्टेंबर १९१४ रोजी भारतीय लष्कराच्या तुकड्या मार्सेयला उतरायला लागल्या. लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून स्वागत केलं. लाहोर डिव्हिजनबरोबर आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, न्यव्ह शापेलच्या हल्ल्यात त्यांची दाणादाण उडाली. मझार्गला भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी आणि फ्रान्सच्या अध्यक्षांनी इथं पुष्पचक्रं वाहिली. मी गेले तेव्हा हिरवळ कापणारा माळी सोडून कोणी नव्हतं. इथं कोणी काही वाढवून सांगत नाही. दगडावर नुसती नावं आहेत.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा. पण नुसतं देखणं गाव पाहायला जायचं असेल तर दुसरीकडे बरीच आहेत. कालवणाला पैसे पुरत नसतील तर पानिस खा. साबण घेताना मागची बाजू वाचा. शातो दिफमध्ये कोठडी दाखवतील ती बघा, आणि र्यू दोबान्यला कोणी नेणार नाही, तिथं आपणहून जा. जोलिएतच्या जाळीपाशी पाणी किती थोडं आहे ते डोळ्यांनी बघा आणि घरी येऊन मुलांना तेवढंच सांगा. आजोबांची चूक मी माझ्या भाच्यांपाशी दुरुस्त केली आहे. त्यांनी पुढची गोष्ट विचारली, हेगची.